धडा उतरवून घेताना

शाळेच्या कपाटात काय काय आहे, हे चार्ज घेताना कळतं. आधीचे मुख्याध्यापक डेड स्टॉक रजिस्टर उघडून बसतात. आपण एकेक वस्तू डोळ्यांनी बघायची आणि सही करायची. पितळी घंटा, एक. सतरंज्या, त्यातली एक उंदरांनी खाल्लेली. जगाचा नकाशा, दोरी तुटलेला. १९८७ साली देशभर निघालेल्या खडू-फळा मोहिमेतली विज्ञानपेटी. तिच्यातलं भिंग अजून कागदात गुंडाळलेलं. खालच्या कप्प्यात टॅब, खोक्यासकट. प्रोजेक्टर, त्याच्या रिमोटवरचं प्लास्टिक तसंच. इतक्या वर्षांत वस्तू बदलत गेल्या, कपाट तेच राहिलं.

शिक्षकांना यंत्राची भीती वाटते, असं वरचे लोक सारखं म्हणतात. मला ते पटत नाही. भीती यंत्राची नसते, सहीची असते. टॅब वर्गात काढला तर पोराच्या हातून पडेल, काच तडकेल, आणि बदलीच्या वेळी नवीन माणूस विचारेल, हे कुणी भरून द्यायचं? कपाटात राहिला तर रजिस्टर जुळतं, आणि रजिस्टर जुळण्याला आपल्याकडं फार किंमत आहे. म्हणून कुठल्याही शाळेत गेलो की मी आधी मुख्याध्यापकांना एवढंच विचारतो, एखादी वस्तू फुटली तर चालेल का? ते हसतात, चहा मागवतात, विषय बदलतात. 'चालेल' असं एकदा तोंडून निघालं की पुढचं निम्मं काम झालं.

मी शिक्षक आहे. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपास, बालाघाटाच्या उतारावरल्या वाड्यावस्त्यांच्या शाळांतून माझी नोकरी गेली, आणि वर्ग सांभाळून इतर शिक्षकांना मोबाईल, टॅब, प्रोजेक्टर वर्गात कसे वापरायचे हे दाखवत फिरण्याचं कामही माझ्याकडं आलं. कागदावर मी तंत्रस्नेही शिक्षक. गावात 'ऑनलाईनवाले सर'.

असा एक ऑनलाईनवाला प्रत्येक शाळेत असतो. बहुतेक वेळा तो सगळ्यांत नवीन, सगळ्यांत तरुण. २०१५ला शाळेची माहिती ऑनलाईन भरायचं 'सरल' आलं, त्याच्या अलीकडं-पलीकडं यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराची माहिती, आणि मग लिंकांचा पाऊसच. 'सर, एवढं तेवढं भरून द्या हो, तुमचा हात बसलाय.' हात बसलेला माणूस मग ऑफिसात बसतो आणि त्याचा वर्ग शेजारच्या वर्गात. २०२३मध्ये 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत शिक्षक रस्त्यावर उतरले, त्यामागं हेच होतं. पण एक गोष्ट मोर्चात कुणी बोललं नाही. दुसऱ्याचं काम करून देणारा हा भला माणूस बाकीच्यांना कायमचं परावलंबी करून ठेवतो. ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो, पासवर्ड काय, हे त्या एकट्याला ठाऊक. त्याची बदली झाली की शाळेचं अर्धं दप्तर त्याच्या मोबाईलसोबत दुसऱ्या तालुक्यात जातं.

प्रशिक्षणांबद्दल फार लिहीत नाही. तालुक्याच्या ठिकाणी हॉल, पडद्यावर स्लाईड, मागच्या रांगेत अंधार, दुपारी पुरी-भाजी, शेवटी हजेरीपत्रक. 'दीक्षा' अ‍ॅपवरचे कोर्स आले तेव्हा व्हिडिओ चालू ठेवून गुरुजी गोठ्यात जाऊन यायचे आणि आल्यावर प्रमाणपत्र तयार असायचं. मी हसत नाही. शंभर जणांना एकाच वेळी, एकाच वेगानं शिकवायचं आणि परत जाऊन मुलांना मात्र एकेकट्याच्या गतीनं शिकवा म्हणायचं, त्यातून दुसरं काय निघणार?

खरं शिकणं झालं ते बघून-बघून. २२ जून २०१५च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला, त्या दोन-तीन वर्षांत शिक्षकांना शाळा बघण्याचं वेडच लागलं होतं. स्वतःच्या पैशानं जीप करून माणसं साताऱ्याकडं कुमठे बीटात जात, फरशीवर ऑईलपेंटनं आखलेल्या चौकटींत पोरं कशी शिकतात ते बघत. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला जात. आदिवासी पाड्यावरली ती डिजिटल शाळा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. परत येऊन पारावर बैठक, लोकवर्गणी, कुणी पाचशे, कुणी कापसाच्या पट्टीतून दोन हजार, आणि शाळेत प्रोजेक्टर. त्यातले बरेच पुढं कपाटात गेले, हे सुरुवातीला सांगितलंच. पण काही गेले नाहीत. ज्या शाळांत गेले नाहीत तिथं मी चौकशी केली, तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच निघालं: तिथल्या एखाद्या शिक्षकाला एखादी गोष्ट शिकवताना काहीतरी अडत होतं, आणि ते अडलेलं या यंत्रानं सुटलं. यंत्र आधी आणि गरज मागून, असं जिथं झालं तिथं धूळ बसली.

आमचे शेजारी, सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले, त्यांचं नाव या विषयात घ्यावंच लागतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. पोरानं मोबाईल धरला की त्या धड्याचा व्हिडिओ, कविता, प्रश्न समोर. पुढं पाठ्यपुस्तकांवर हे कोड छापूनच यायला लागले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राईज जाहीर झालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातमी आली तेव्हा आमच्या गटावर अभिनंदनाची रांग लागली. मला मात्र अजूनही तो कोड जास्त आवडतो, बक्षिसापेक्षा. त्याला फार काही लागत नाही. छापलेलं पान तर असतंच. त्याच्या कोपऱ्यात एक दार करून दिलं.

पण दार उघडायला मोबाईल लागतो, आणि आमच्या भागात मोबाईल कुठं असतो ते दसऱ्यानंतर बघावं.

हल्ली नारायणगड म्हटलं की बाहेरच्या लोकांना २०२४चा दसरा मेळावा आठवतो. इथल्या माणसाला दसरा म्हटलं की ऊसतोडीच्या गाड्या आठवतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती घरच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेलीही असते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर, ट्रक गावात येऊन उभे राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि शाळेचा निम्मा पट. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. चार-पाच महिने उसाचा फड आणि पाचटाची कोपी. काही लेकरं आजीजवळ मागं राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं चालतात. जी जातात त्यांना शिक्षण हमी पत्र देतो, म्हणजे तिकडच्या शाळेनं त्यांना बसवून घ्यावं. काही शाळा घेतात. काही पोरं तिकडं शाळेपर्यंत पोचतच नाहीत, कारण धाकटं भावंड कोपीत सांभाळायचं असतं.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमची कितीतरी पोरं कारखान्यांवरच अडकली होती. एप्रिलमध्ये परवानगी मिळाल्यावर ती गावी आली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं ठरलं. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायला लागली, आणि खरं सांगतो, मालिका गोड होती. ज्या घरी टीव्ही होता आणि वीज होती, तिथं दारात पाच-सहा पोरं बसलेली मी पाहिली. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास जायचा. घरात मोबाईल एकच, तो बापाच्या खिशात, बाप शेतात. रात्री आठला मोबाईल घरी यायचा तेव्हा पोरगं झोपलेलं. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लहान वर्गांच्या शाळा अजून बंदच असताना, तो एकुलता एक मोबाईल बापाच्या खिशातून उसाला निघून गेला. मागं आजीजवळ राहिलेल्या पोराची शाळा अशी दोनदा बंद झाली. ऑनलाईन शिक्षणावरच्या चर्चा मी पुष्कळ ऐकल्या. 'डिजिटल दरी' हा शब्द त्यांत असतो. मोबाईल स्वतःच मजुरीला जातो, ही गोष्ट त्या शब्दात मावत नाही.

आमच्या नारायणगडाला शिकण्याची जुनी रीत आहे. भगवानबाबा माणिकबाबांच्या सावलीत इथंच घडले आणि पुढं त्यांनी भगवानगड उभा केला. कीर्तनात पोरगं आधी टाळ घेऊन मागच्या रांगेत उभं राहतं. ताल चुकला तर शेजारचा टाळकरी आपला टाळ जरा मोठ्यानं वाजवतो, एवढंच. पोराच्या हातातला टाळ काढून घेत नाही. शिक्षकांना शिकवताना मी हा एक नियम पाळतो. फोन त्यांच्या हातातून घ्यायचा नाही. सांगायला सोपं आहे, करून बघा. समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट दाबत असतो, स्क्रीन फिरत असते, आपलं बोट शिवशिवत असतं. दोन सेकंदांचं काम असतं. ते दोन सेकंद आपण घेतले की त्याचं शिकणं तिथंच थांबतं, आणि तो म्हणतो, 'सर, तुम्ही असलं की सगळं जमतं बघा.' हे वाक्य ऐकून मला पूर्वी बरं वाटायचं.

गडावर आषाढीला गर्दी असते. पंढरपूर ज्यांना गाठता येत नाही ते या धाकट्या पंढरीला येतात. नगद नारायणाच्या दर्शनाच्या रांगेत एक म्हातारी बघितली होती. मोबाईल उलटा धरून लेकाला कळस दाखवत होती. 'दिसायलंय का रे?' पलीकडून, 'आई, तुझा पदरच दिसायलाय.' तिनं तो फिरवला, पुन्हा उलटा झाला, पुन्हा फिरवला, आणि कळस दिसला. तिला कुठल्या साधनव्यक्तीनं मार्गदर्शन केलं नव्हतं. दाखवायचं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या केंद्रात एक बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या. पहिली-दुसरीचा वर्ग. बाईंनी प्रत्येक प्रशिक्षण घेतलंय आणि प्रत्येकातून कोरड्या परत आल्यात. 'मला ते काही जमायचं नाही सर, तुम्ही तरण्यांनी करा.' एकदा शिक्षण परिषद संपल्यावर त्या माझ्यापाशी थांबल्या. वर्गातल्या नऊ लेकरांची घरं उसाला निघाली होती. मी त्यांना 'दीक्षा'वरचा धडा उतरवून कसा घ्यायचा ते दाखवायला बसलो. एकदा उतरवला की पुढं रेंज लागत नाही, फडावर चालतो. बाईंनी तो ऐकला. चित्र छान, आवाज स्वच्छ, शुद्ध. त्या म्हणाल्या, 'चांगलंय. पण ही पोरगी काय म्हणायलीय ते माझ्या लेकरांना कळायचं नाही. माझाच आवाज भरता येतो का यात?'

आवाज भरायला त्या एका दुपारी शिकल्या. मी शेजारी बसलो होतो, हात मांडीखाली दाबून. पहिल्यांदा रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं. दुसऱ्यांदा पूर्ण कविता झाली आणि शेवटी 'झालं का सर?' हेही भरलं गेलं. ते त्यांनी तसंच ठेवलं. मग रोज शाळा सुटल्यावर एकेक पाठ. मधे कावळा ओरडतो, कुणीतरी पोषण आहाराच्या तांदळाचं विचारायला येतं, बाई त्याला थांबवतात आणि पुढं वाचतात. 'आता बोट ठेवा ओळीवर. ठेवलं? शंकऱ्या, तू पण.' कार्डांत भरून, ब्लूटूथनं, जसं जमेल तसं त्यांनी ते नऊ बापांच्या मोबाईलमध्ये घातलं. दोघांच्या मोबाईलात जागा नव्हती. मग बाईंनी बसून त्यांची गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ काढायला लावले, आणि त्यावरून थोडी बोलाचालीही झाली.

गाड्या निघायच्या आदल्या दिवशी बाईंचा मला फोन.

'सर, तिकडून लेकरं अभ्यास करतील ते मला कसं कळावं? ते तुमचं फॉर्म का काय असतंय, ते शिकवा.'

मी म्हणालो, 'फॉर्मला रेंज लागते बाई. कोपीवर मिळायची नाही.'

बाई थोडं थांबल्या. 'ऊस घेऊन गाडी रोज कारखान्यावर जाती का नाही? तिथं रेंज असंल. पोरीनं रात्री वहीचा फोटो काढून मला पाठवायला लावला, अन् सकाळी बाप मोबाईल घेऊन गाडीवर गेला, तर तिथं पोचल्यावर तो आपला आपण सुटंल ना?'

'सुटेल.'

'मग फॉर्म कशाला पाह्यजे?' बाई म्हणाल्या. 'ठेवते. सगळ्यांच्या घरी जाऊन फोटो काढायचा शिकवायचाय अजून, अन् अंधार पडायलाय.'