बसून दाखवा

ट्रायलला आलेला माणूस आरशासमोर उभा राहिला की पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो आणि श्वास धरून ठेवतो. तेवढ्यापुरता कोट झकास बसतो. पण श्वास धरून कोणी रिसेप्शनचे तीन तास काढत नाही. म्हणून मी त्याला समोरच्या स्टुलावर बसायला सांगतो. बसल्यावर हात वर करायला, मग वाकून बुटाची नाडी बांधायला. नवरदेव असला तर खाली सतरंजीवर मांडीच घालायला लावतो. बरोबरचे मित्र हसतात. हसोत बापडे. लग्नाच्या दिवशी त्याला होमासमोर पाटावर बसायचं असतं, आणि पँटचं आसन कमी पडलं की ती बातमी गुरुजींच्या आधी फोटोग्राफरला कळते.

नाशिकच्या मेन रोडच्या परिसरातलं आमचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण रंगापासून सुरुवात करतो. मोबाइलमध्ये कुठल्या तरी नटाचा फोटो असतो आणि ‘मास्टर, सेम हा कलर’ एवढंच सांगणं असतं. माझ्या मते रंग ही निवडीतली शेवटची गोष्ट. हे अंगावर घालून तुम्ही नेमकं काय करणार, ते आधी सांगा. ‘लग्नात घालायचंय’ किंवा ‘ऑफिसला घालायचंय’ एवढ्याने माझं भागत नाही. अंबडच्या एमआयडीसीत फिरणारा सेल्सवाला अर्धा दिवस मोटारसायकलवर असतो. हँडल धरलं की त्याची पाठ ताणते आणि शर्ट कमरेतून वर निघतो. त्याला पाठीत दोन्ही बाजूंना चुण्या हव्यात आणि शर्टाची लांबी नेहमीपेक्षा दीड-दोन इंच जास्त हवी. त्याचाच सख्खा भाऊ गंगापूर रोडच्या बँकेत एसीखाली बसत असेल, तर त्याला तोच शर्ट ढगळ वाटेल.

वडिलांनी उमेदीच्या काळात सर्वांत जास्त शिवले ते सफारी. नाशिकरोडच्या प्रेसमधले साहेब, १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला तिथले अधिकारी, बँकांचे मॅनेजर, पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर, सगळे सफारीत. आज त्या कपड्यावर विनोद होतात. मला ते पटत नाही. कटिंगच्या नजरेने पाहिलं तर सफारी आपल्या हवेला साजेसा, शहाणा कपडा होता. टायची गरज नाही, शर्ट खोचायची कटकट नाही, गळा मोकळा, बाही बहुतेक वेळा अर्धी, खिसे भरपूर, आणि त्यात स्कूटरवर बसता यायचं. त्याला बुडवलं ते कापडाने. चुरगळत नाही, धुतलं की वाळतं, म्हणून लोकांनी जाड टेरिकॉटचे आणि पॉलिस्टरचे सफारी शिवले आणि एप्रिल-मेमध्ये त्यात शिजून निघाले.

कापड हवेतला किती ओलावा सामावून घेतं, याचे ठरलेले आकडे आहेत. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, सूत साडेआठ टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे पॉलिस्टरच्या कोटात घामाला जागाच नाही, तो अंगाशीच राहतो. लोकर म्हटलं की आपल्याकडे स्वेटर आठवतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटाला लोकरीचं कापड दाखवलं तर गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. पण साध्या विणीचं, मोकळ्या पोताचं, मीटरला पाव किलोच्या आसपास भरणारं लोकरीचं कापड नाशिकच्या मे महिन्यातही पॉलिस्टरपेक्षा सुसह्य असतं. पारख सोपी आहे. कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची, पलीकडे तळहाताला वारा लागला पाहिजे. काठावर छापलेल्या ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ या आकड्यांना फार भुलू नये. ते तंतूच्या बारीकपणाचे आकडे आहेत. १०० ला तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनचा, १२० ला १७.७५ चा. आकडा चढला की कापड मऊ होतं, महाग होतं आणि नाजूकही होतं. ज्याला रोज कार चालवत सातपूरला जायचंय त्याने १०० वर थांबावं. त्यावरचं कापड सीटला घासून मांडीवर लवकर चकाकायला लागतं.

वकील मंडळींना निवडीला वावच नाही. काळा कोट, पांढरे बँड. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतर कोर्टांत काळा कोट सक्तीचा नाही, तरी मे महिन्यातही कोट हातावर टाकून फिरणारे वकील दिसतातच. त्यांच्या कोटाला मी पाठीत पूर्ण अस्तर लावत नाही. खांद्यांपुरतं लावतो आणि खाली मोकळं सोडतो. बाहेरून कोणाला कळत नाही, घालणाऱ्याला मात्र कळतं.

अलीकडच्या काळात आमच्याकडे एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलं आहे, ते म्हणजे दिंडोरी-निफाडकडचा द्राक्ष बागायतदार. माल युरोपात जातो, आणि फेब्रुवारीत बर्लिनला फ्रुट लॉजिस्टिका हे फळांच्या व्यापाराचं मोठं प्रदर्शन भरतं. नेमका तोच आपल्याकडे काढणीचा हंगाम, त्यामुळे माणूस दुकानात येतो तेव्हा फोन कानालाच असतो. असे एक भाऊ आले आणि म्हणाले, “मास्टर, तिकडं थंडी लई. जाडात जाड कापड काढा. आणि काळाच करा.” थंडीचं त्यांना मी काय सांगणार? निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर आल्याची बातमी वाचून ज्यांची झोप उडते, त्यांतले ते. पण प्रदर्शनाचा हॉल आतून गरम केलेला असतो. थंडी लागते ती हॉटेलपासून हॉलपर्यंत, आणि तेवढ्याला वरून घालायचा लांब कोट पुरतो. दिवसभर अंगावर राहणारा ब्लेझर जाड केला, तर माणूस तासाभरात तो काढून खुर्चीच्या पाठीला अडकवणार. मग शिवला कशाला?

त्यांचं माप मी सावकाश घेतलं. मान जाड, छाती भरलेली, पोट जेमतेम. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. रेडीमेडवाला छाती आणि कंबर यांत साधारण सहा इंचांचा फरक धरून कापतो. यांच्यात तो नऊचा होता, म्हणजे तयार कोट छातीत बसला तर कमरेत पोत्यासारखा. उतरत्या खांद्याखाली कॅनव्हासचा एक पातळ थर जास्त घातला की दोन्ही खांदे एका रेषेत दिसतात. खरा वाद झाला तो मुंढ्यावर. “मोकळा ठेवा, मास्टर, हात अडकायला नको.” जवळजवळ सगळे हेच म्हणतात आणि उलटं मागतात. मुंढा खोल कापला की हात वर करताच अख्खा कोट वर येतो, कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेच्या जवळ, उंच कापला तर कोट जागेवर राहतो आणि हात एकटाच वर जातो. ज्याला स्टॉलवर खोकी उचलायची आहेत आणि शंभर लोकांशी हात मिळवायचे आहेत, त्याला उंच मुंढाच हवा. कच्च्या शिलाईत मी त्यांना वरच्या फळीवरचं कापडाचं ठाण काढायला लावलं, तेव्हा ते गप्प झाले.

रंग सगळ्यात शेवटी ठरला. काळ्याऐवजी नेव्ही ब्लू घ्या म्हटलं. तो राखाडी पँटवर चालतो आणि पुढे मुलीच्या साखरपुड्यातही चालतो. टाय घरच्यांच्या आग्रहाने बॅगेत गेला आणि बॅगेतच राहिला. बर्लिनहून आल्यावर ते सांगत होते की त्यांच्याकडे येऊन बसलेल्या खरेदीदारांतही टायवाले थोडेच होते.

रंग शेवटी, हा माझा नियम आहे, पण वर्षातून एकदा मी तो बाजूला ठेवतो. १४ एप्रिलच्या आधी तरुण मुलं निळ्या सुटासाठी येतात. कोणी नुकता नोकरीला लागलेला, कोणी घरातला पहिला पदवीधर. याच जिल्ह्यात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोन तारखांच्या मध्ये, १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला, लंडनमध्ये गांधीजी पंचात होते आणि डॉ. आंबेडकर सुटात. एकाने अंगावरचा कपडा उतरवून जे सांगितलं, ते सांगायची दुसऱ्याला गरज नव्हती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगला कपडा घालण्याचीच बंदी होती, त्यांच्या माणसाने कडक इस्त्रीचा थ्री-पीस घालणं हे पुरेसं बोलकं होतं. त्यामुळे ही मुलं येतात तेव्हा रंगाबद्दल मी तोंड उघडत नाही. एप्रिलच्या उन्हाचंही सांगत नाही, त्यांना ठाऊक असतं. माझ्याकडून कापड हलकं काढतो, अस्तर अर्धं लावतो आणि वेस्टकोटची पाठ पातळ करतो.

लग्नाच्या कपड्यांबद्दल लिहायला बसलो तर मासिक पुरणार नाही. येवल्याची पैठणी आता जाकिटात आली आहे, ती पांढऱ्या कुर्त्यावर शोभते, पण अख्खा कोट पैठणीचा करू नये. जरीचं रेशीम कोपरात आणि काखेत दुमडून चिरतं. जोधपुरी घेणार असाल तर लक्षात ठेवा, साध्या कोटाचं बटण बसताना सोडता येतं, जोधपुरी गळ्यापर्यंत बंद असतो, म्हणून त्याचं पोटाचं माप मी बसवूनच घेतो. आहेरातल्या शर्टपीसबद्दल काय बोलावं? ते लोक शिवायला आणतात ते पुढच्या लग्नात देता येत नाहीत म्हणून, आणि उघडून पाहिलं तर निम्म्यांचा पन्हा पूर्ण बाहीला पुरत नाही.

खांद्याचं एकदा स्वच्छ सांगून टाकतो. कोटाचं पोट कमी-जास्त होतं, बाही वरखाली होते, मार्जिन ठेवलेलं असलं तर लांबीही अर्धा-पाऊण इंच सोडता येते. खांदा मात्र उसवून पुन्हा बसवणं म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणं, आणि तरी तो पहिल्यासारखा बसेल याची हमी कोणताही प्रामाणिक कारागीर देणार नाही. खांद्याची शिलाई हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. पुढच्या भागात कॅनव्हास आहे की नुसतं फ्यूजिंग चिकटवलंय, हे चिमटीत धरून कळतं. कॅनव्हास असला तर वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये तिसरा, सुटा थर हाताला लागतो. चिकटवलेला कोट स्वस्त पडतो आणि दिसतोही छान, पण ड्रायक्लीनिंगच्या काही फेऱ्यांनंतर छातीवर फोड आल्यासारखा फुगतो. वर्षातून दोनदा घालणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. आठवड्याला घालणाऱ्याने घेऊ नये.

एक विनंती आहे. ट्रायलला येताना त्या दिवशी घालायचे बूट आणि शर्ट बरोबर आणा, मोबाइल आणि पाकीट खिशातच राहू द्या. पँटची लांबी बुटाशिवाय ठरत नाही आणि खिसा फुगला की सीटचं माप बदलतं. लग्नसराईत तारखेच्या महिनाभर आधी या. ‘परवा पाहिजे’ म्हणून येणाऱ्याला मी सरळ रेडीमेडच्या दुकानात पाठवतो. तिथे खांद्यात बसणारा साइज घ्या, पोटाचं आणि बाहीचं आम्ही करून देऊ.