फ्रीजमधला हीटर



या आठवड्याचे मनन स्वयंपाकघरातून आले आहे. सोबत चिंतनासाठी वचन घेऊ या: इफिसकरांस पत्र, ४:२६. आधी बायबल उघडून ते वाचा आणि मग पुढे चला.

घरातल्या डबल डोअर फ्रीजच्या पोटात एक हीटर असतो, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? थंडाव्यासाठी आणलेल्या यंत्रात तापणारी तार कशाला, असे कोणीही विचारेल. मी कला शाखेची पदवीधर, माझा अभ्यास मराठी आणि इतिहासाचा. यंदाच्या जुलैत आमचा फ्रीज बिघडला नसता, तर मलाही हे कधी कळले नसते. त्या चार दिवसांत जे शिकले, ते आज सांगते. घरातली गोष्ट आहे, म्हणून घरच्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

बिघाड असा होता. वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा होत होता, पण खालच्या कप्प्यात दूध दुसऱ्या दिवशी नासत होते. कोथिंबीर काळी पडत होती. मशीनचा आवाज चालू, आतला दिवा चालू. पाहणाऱ्याला वाटावे, सगळे ठीक आहे.

दूध नासले तर पनीर करता येते. पण आमच्या फ्रीजमध्ये सासूबाईंचे इन्सुलिन असते. त्यांचे वय ७८ आणि इंजेक्शन दिवसातून दोन वेळा. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्याहून गरम जागी त्या फार दिवस टिकत नाहीत, आणि गोठल्या तर पूर्णपणे निकामी होतात, पुन्हा वितळवून वापरता येत नाहीत. वाईट म्हणजे, बाटलीकडे बघून औषधाची ताकद गेली की राहिली हे नेहमी कळतेच असे नाही. कळते ते साखर वाढल्यावर. मी पेलाभर पाण्यात थर्मामीटर घालून तो रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवला. सकाळी पारा १५ वर होता.

पहिला मेकॅनिक आला. त्याने दार उघडले, हात आत घातला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "गॅस संपलाय. भरावा लागेल. नाहीतर नवीनच घ्या." आणि गेला.

मग मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. प्रथम कम्युनियनच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसून पेनं उघडून बघत असे. आता फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. आला, आधी सासूबाईंच्या पाया पडला, मग फ्रीझरमधले सामान काढून मागचे प्लास्टिकचे झाकण स्क्रू काढून उघडले. आत जे दिसले ते मी विसरणार नाही. पातळ नळ्यांची कॉइल असायला हवी होती, तिथे बर्फाची एक सलग पांढरी भिंत उभी होती.

"नाही की ओ टीचर, गॅस कुठला संपतोय?" तो म्हणाला. "गॅस म्हणजे काय रॉकेल आहे काय, जळून जायला? बंद नळीतच फिरत असतोय. कमी झाला तर कुठंतरी भोक आहे म्हणायचं. ते आधी शोधायचं, मग भरायचा. आणि गॅस नसता तर हा एवढा बर्फ झाला असता होय?"

त्याने समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून तर त्याची मागची किंवा बाजूची भिंत हाताला कोमट लागते. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंड होणारी कॉइल एकच, वरच्या फ्रीझरच्या मागे. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा ओढतो आणि वाटेवाटेने खालच्या कप्प्यात पोहोचवतो. आपण दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते. उघडे ठेवलेले कालवण, गरम भात, ओली भाजी यांची वाफही त्यात मिसळते. ती सगळी ओल सर्वांत थंड जागी, म्हणजे कॉइलवर जाऊन बसते आणि तिचा हिम होतो.

म्हणून त्या कॉइलखाली हीटर. दिवसातून दोन-चार वेळा मशीन थांबते, ती तार थोडा वेळ तापते, साचलेला हिम वितळतो. पाणी एका नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळून जाते. आपल्याला पत्ताही लागत नाही. आमच्या फ्रीजमध्ये हीच तार जळाली होती. हिम वितळेना, थरावर थर चढले, हवेची वाट बंद झाली. वर कडक थंडी, खाली काहीच नाही.

आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत ही भिंत उभी राहायला फार दिवस लागत नाहीत.

उपाय सांगितला तो असा: प्लग काढायचा, दोन्ही दारे उघडी टाकायची, खाली जुनी फडकी घालायची आणि चोवीस तास थांबायचे. तोवर तो बाजारातून नवी तार आणणार होता. मी विचारले, "सुरीने थोडा बर्फ काढू का? लवकर होईल."

तो जवळजवळ ओरडलाच. "टीचर, सुरी लावायची नाही! नळी पातळ असतेय. भोक पडलं की मग खरंच गॅस जातोय."

आता प्रश्न इन्सुलिनचा. चालू बाटली बाहेर राहिली तर चालते. बहुतेक प्रकारांत ती साधारण चार आठवडे, उन्हापासून दूर, २५ ते ३० अंशांखाली टिकते (आपापल्या बाटलीबरोबरचा कागद वाचावा). पण महिन्याचा न उघडलेला साठा कुठे ठेवायचा? उन्हाळा असता तर ओल्या मातीच्या मडक्याने काही दिवस निभावले असते. पण मडके थंड होते ते पाणी वाळते म्हणून, आणि जुलैत पाणी वाळतच नाही. फ्रीजच हवा होता. सर्वांत जवळचा फ्रीज भिंतीपलीकडे होता, माझ्या धाकट्या दिरांच्या घरी.

इथे थोडे थांबून सांगावे लागेल. परसातल्या एका भिंतीवरून माझे पती आणि माझे दीर तीन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण असे एका दिवशी झालेच नाही. एक कागद उशिरा दाखवला गेला, एक शब्द दुसऱ्याकडून ऐकला गेला, एका वाढदिवसाला कोणी आले नाही. प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर वाफेएवढी. पण दोन्ही घरांत रोज संध्याकाळी जपमाळ होत होती. रविवारी दोन्ही कुटुंबे मिस्सेला जात होती, एक डावीकडे बसे, एक उजवीकडे. शांतीची खूण द्यायच्या वेळी दोघेही समोर पाहत. म्हणजे वरचा कप्पा व्यवस्थित चालू होता, फक्त तिथले काही खाली पोहोचत नव्हते.

सासऱ्यांच्या पुण्यतिथीला एका हितचिंतकाने दोघांचे हात धरून बळेच एकमेकांत दिले होते. दोघांनीही हात काढून घेतले, आणि त्यानंतरचे सहा महिने आधीपेक्षा वाईट गेले. सुरीने बर्फ खरवडला की काय होते, ते आम्ही असे पाहिले होते.

त्या दिवशी सासूबाईंनी कोणाला काही विचारले नाही. बाटल्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा टॉवेलात गुंडाळला, छत्री घेतली आणि मला म्हणाल्या, "चल गं, माझ्या धाकट्याकडे ठेवून येऊ." जाऊबाईंनी दार उघडले. एकही प्रश्न न विचारता मधला कप्पा रिकामा केला. डबा मागच्या भिंतीला चिकटणार नाही, दारातही राहणार नाही, असा ठेवला. तिची आईही इन्सुलिनवर होती, तिला हे सगळे माहीत होते.

दुसऱ्या दिवशी चालू बाटली संपली. नवी आणायला पती स्वतः गेले, कारण मी वर्गावर होते. ते परत आल्यावर एवढेच म्हणाले, "त्यानं विचारलं, आईची शुगर किती आली म्हणून." तीन वर्षांतले पहिले वाक्य ते.

तिसऱ्या दिवशी नवी तार बसली. आमच्या विद्यार्थ्याने मीटर लावून जुनी तार तुटल्याची खात्री करून दाखवली, तिच्याजवळचा छोटा फ्यूजही तपासला. कॉम्प्रेसरच्या किंवा नव्या फ्रीजच्या मानाने खर्च किरकोळ झाला. चौथ्या दिवशी पेल्यातला पारा ४ वर आला. डबा मात्र अजून आठवडाभर दिरांच्याच घरी राहिला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, घाई काय आहे?" आणि रोज सकाळी एकेक जण ये-जा करत राहिला. परसातल्या भिंतीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता दोघे भाऊ त्यावर बोलतात, कधी आवाज चढवूनही.

बंधू-भगिनींनो, मला यातून एक गोष्ट नीट कळली. हिम म्हणजे घाण नव्हे. ते आपल्याच घरातले स्वच्छ पाणी, आपल्याच चुलीवरची वाफ, आपल्याच श्वासाची ओल. एकत्र राहणाऱ्या माणसांत ते साचणारच. चांगल्या घरात साचते, भक्तिमान घरातही साचते. फ्रीज बनवणाऱ्याने असे गृहीत धरले नाही की ओल आत शिरणारच नाही. शिरणार हे धरूनच त्याने आत ऊब ठेवली, तीही वर्षातून एकदा पेटणारी नव्हे, रोज पेटणारी. संत पौल इफिसच्या मंडळींना राग येऊच नये असे सांगत बसत नाही. तो मुदत घालून देतो, आणि ती मुदत सूर्यास्ताची आहे. आजचा थर आजच वितळावा. उद्या त्यावर दुसरा चढेल, आणि महिन्याभराने त्याला हत्यार लागेल असे वाटू लागेल.

आणि ज्यांच्या घरी भिंत आधीच उभी आहे, त्यांनी निराश होऊ नये. यहेज्केल संदेष्ट्याच्या ३६व्या अध्यायात देव दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे वचन देतो. ते काम देवाचे आहे. आपले काम दार उघडे ठेवायचे, खाली फडकी घालायची आणि थांबायचे.

आता या आठवड्यात करण्यासारखे काही.

फ्रीजसाठी: कागदाचा तुकडा दारात धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निसटला तर दाराचे रबर सैल आहे किंवा मळले आहे. कोमट साबणपाण्याने ते पुसा. मागे जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ ब्रशने झाडा. फ्रीज आणि भिंत यांत हवा खेळेल एवढी जागा ठेवा. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर पाणी उतरायचे भोक बुजले आहे, त्यात थोडे कोमट पाणी सोडा. पदार्थ झाकून आणि निववून ठेवा. वर बर्फ आणि खाली ऊब असे दिसले, तर गॅस भरायला हो म्हणण्याआधी मागचे झाकण उघडून दाखवायला सांगा. आणि गॅसच्या कामाला जाणकार माणूसच बोलवा, कारण हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो.

घरासाठी: रात्री दिवा मालवण्याआधी, ज्याच्याशी दिवसभरात बोलणे तुटले असेल त्याला एक साधे, कामाचे वाक्य बोला. क्षमेचे मोठे शब्द जमत नसतील तर राहू द्या. जेवलास का, औषध घेतलेस का, शुगर किती आली, एवढे पुरे.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, आमच्या घरांत रोज जे थोडे थोडे साचते ते तुला दिसते. दिवस मावळण्याआधी तुझ्या प्रीतीची ऊब त्याच्याखाली पेटव. वितळायला जेवढा वेळ लागेल तेवढा धीर आम्हांला दे, आणि सुरी हातात घेण्यापासून आम्हांला राख. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची, आणि त्यांची औषधे सांभाळणाऱ्या हातांची काळजी घे. आमेन.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.