खुर्जी

मोटारसायकलवरून दूर जायचं ठरलं की पहिली चर्चा गाडीची होते, दुसरी रस्त्याची. सामान कशात न्यायचं याचा विचार निघायच्या आदल्या रात्री. आमच्याकडे उलटं झालं. गाडी घरचीच होती, दीडशे सीसीची, बारा वर्षं वापरातली. रस्ताही ठरला होता, दाभोळपासून बीदरपर्यंत. अडलं ते पिशव्यांपाशी, आणि तिथं आम्ही दोन महिने अडून राहिलो.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. दोघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे. एकाचं घर कराडचं, मणेरांचं. दुसरीचं माहेर दाभोळचं, खाडीकाठचं. गाडीवर पुढे कोण आणि मागे कोण हे वेगळं सांगायला नको. मागे बसणारीला वीस वर्षांचा मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि अलीकडे पावलांची संवेदना कमी झाली आहे. चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. घरात हे हसत सांगितलं जातं, पण रात्री झोपताना तळपाय उजेडात धरून तपासायचे असतात, तेव्हा कुणी हसत नाही. मुलांचं म्हणणं होतं, कारनं जा. त्यांचं चूक नव्हतं. पण मोटारसायकलवर जायचं हे तीस वर्षांपूर्वी ठरलं होतं आणि संसारात राहून गेलं होतं. पुढच्या साली हे पाय परवानगी देतील की नाही, याचा भरवसा नव्हता.

दाभोळ-बीदरच का, तर महमूद गवानमुळे. इराणातल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ साली दाभोळच्या बंदरात उतरला आणि तिथून बीदरला गेला. व्यापार करायला आलेला माणूस बहमनी सल्तनतीचा वजीर झाला, १४७२ साली त्यानं बीदरला मदरसा उभा केला, आणि १४८१ साली खोट्या पत्राच्या आरोपावरून सुलतानाच्या हुकुमानं मारला गेला. आमच्यापैकी एकानं सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. बहमनींचा धडा दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी घरी आल्यावर ऐकावं लागायचं, "तुमचा वजीर आमच्या बंदरात उतरला होता." ते बंदर ते मदरसा हा रस्ता एकदा दोघांनी मिळून बघायचा होता.

त्या काळी हा माल घाटावर चढत असे तो बैलांच्या, घोड्यांच्या पाठीवरून. पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना एकेक तोंड असलेली जाड पिशवी म्हणजे खुर्जी. शब्द फारसीतल्या खुर्जीनवरून आलेला, मराठीत इतका मुरला की परका वाटत नाही. दुकानदार जिला 'सॅडलबॅग' म्हणतात ती हीच. फरक इतकाच की घोड्याला सायलेन्सर नव्हता.

आमच्या घरात खुर्जी नुसता शब्द नव्हता. आमचे दादा बांगड्या घेऊन आठवडी बाजार करायचे, आणि त्यांच्या तट्टावर खुर्जी असायची. दोरीत ओवलेल्या काचेच्या बांगड्यांच्या माळा, मध्ये गवत, वरून जुनं लुगडं. अब्बा सांगायचे की दादा विक्री करताना एकदा डावीकडची माळ काढायचे, एकदा उजवीकडची. गिऱ्हाइकाला हिरव्या हव्यात आणि हिरव्या डावीकडेच असतील, तर हिरव्या द्यायच्या आणि उजवीकडच्या लाल डावीकडे सारायच्या. नाहीतर बाजार उठेपर्यंत खुर्जी एका बाजूला ओढायची, तट्टाची कातडी सोलायची आणि बांगड्या फुटायच्या. अब्बांच्या वेळी तट्टू गेलं, सायकल आली. मागच्या कॅरिअरवर दोन्ही अंगांना लोंबणारी किंतानाची खुर्जी त्यांनी स्वतः शिवली होती.

एवढी पूर्वपीठिका असूनही दुकानात गेल्यावर आमची मती गुंग झाली. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं दिवसभर फिरलो. ॲल्युमिनियमच्या पेट्या आम्ही पाच मिनिटांत बाद केल्या. दिसायला रुबाबदार, कुलूप लागतं, पाऊस आत जात नाही. पण पेट्या आणि त्यांची चौकट यांचंच वजन इतकं की दीडशे सीसीच्या गाडीची निम्मी ताकद त्यातच जायची. आणि गाडी आडवी झाली तर मागे बसणाऱ्याचा पाय पेटीखाली सापडायचा धोका. मऊ पिशवी निदान दबते.

मऊ पिशव्यांत तीन जाती दिसल्या. बुलेटवाल्यांना आवडणाऱ्या चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या, पितळी बकलांच्या. त्या भिजल्या की जड होतात आणि वाळायला दोन दिवस घेतात. दुसऱ्या जाड नायलॉनच्या, चेन असलेल्या, पावसासाठी वेगळा झगा दिलेला. तिसऱ्या पूर्ण जलरोधक, वरचं तोंड गुंडाळून क्लिप लावायची. दुकानदार सारखा डेनियरचा आकडा सांगत होता. हजार डेनियर, सोळाशे ऐंशी डेनियर. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड, एवढंच. पण पिशवी फाटते ती बहुधा कापडात नाही, पट्टा जिथं शिवलेला असतो तिथं. आम्ही प्रत्येक पिशवी उलटी करून पट्ट्याची मुळं बघत होतो. तिथं चौकोनात फुलीची शिलाई असली तर पुढे बोलायचं. शिलाई कळायला कंपनीचं नाव लागत नाही, घरात शिवणयंत्र असलेल्या बाईला ती हातानं कळते.

"काका, साठ लिटरची घ्या. जागा उरली तर बरंच आहे," दुकानदार म्हणाला.

"जागा कधी उरत नसते भाऊ, ती भरते," मागून उत्तर गेलं.

मग तिनं असं काही केलं की दुकानातली पोरं बघत राहिली. दुकानाबाहेर आमची गाडी उभी होती. साठ लिटरची जोडी गाडीवर टाकायला लावली आणि ती चढून मागे बसली, दोन्हीकडे पाय टाकून. दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "ये थैली मेरे पावाँ कू ढकलती जी."

खाली वाकून बघितलं तेव्हा सगळा मामला समजला. पिशवीचं पुढचं टोक तिच्या टाचेला पुढे रेटत होतं. टाच पुढे गेली की पाऊल पायटीवरून घसरून आत सायलेन्सरकडे वळत होतं. आमच्या गाडीचा सायलेन्सर उजवीकडे. चांगल्या पायाला चटका बसला तर माणूस पाय झटकतो. ज्या पायाला गरम-गार नीट कळत नाही तो तिथंच राहतो, आणि मधुमेहातल्या पायाची जखम कुठवर जाते हे आमच्या मोहल्ल्यात आम्ही पाहिलेलं आहे. मुलांची भीती अपघाताची होती. आम्हाला त्या दिवशी या पिशवीच्या टोकाची भीती वाटली.

पिशवी मागे सरकवली तर? सरकते, पण वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही पलीकडे जातं आणि चढावर गाडीचं तोंड हलकं होतं. कुंभार्ली घाट चढायचा होता. म्हणजे मोठी पिशवी पुढे घेतली तर पाय जातो, मागे घेतली तर गाडी हातात राहत नाही. उत्तर एकच, लहान पिशवी. आम्ही दोन्ही मिळून चाळीस लिटरची जोडी निवडली, पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेली. त्यापेक्षा मोठ्या सगळ्या जोड्या पायाच्या आड येत होत्या.

उजव्या बाजूला आणखी एक अडचण. आपल्याकडच्या गाड्यांना साडीगार्ड असतो तो डावीकडे. उजवीकडे पिशवीला अडवायला काहीच नसतं. पट्टा सैल झाला की पिशवी झोका खाऊन चाकात जाते किंवा सायलेन्सरला टेकून वितळते. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यानं दोन्ही बाजूंना सळईची चौकट करून दिली, पिशवी आणि सायलेन्सर यांत चार बोटं अंतर राहील अशी. पिशवीच्या तळाला उष्णता अडवणारं चंदेरी कापड लावून घेतलं. या चौकटीचा दुसरा फायदा बायकांना लगेच कळेल. बुरख्याचा घेर, ओढणीचं टोक चाकात जाऊन झालेले अपघात आपण ऐकतो. सलवार-कमीज, वर जाकीट आणि ओढणी जाकिटाच्या आत असा पोशाख ठरला होता, तरी वाटेत कुणाकडे जाताना बुरखा अंगावर येणारच होता.

जलरोधक पिशवी का घेतली नाही, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. एक तर डिसेंबर होता, २०२३ चा. पावसापेक्षा धुळीची काळजी. खरं कारण इन्सुलिन. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण तीस अंशांच्या खाली आणि उन्हापासून लांब ठेवलं तर बहुतेक प्रकारांत चार आठवडे टिकतं, नेमकं किती ते डब्यावर छापलेलं असतं. सोलापूरकडे डिसेंबरातही दुपार तापते, आणि उन्हात उभ्या गाडीवरच्या बंद काळ्या पिशवीत त्याहून कितीतरी जास्त. यासाठी पाण्यात भिजवायचा बटवा मिळतो. त्यातले खडे पाणी पितात आणि ते पाणी हळूहळू उडताना आतलं औषध गार राहतं, माठासारखं. पण माठ प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवला तर गार होईल का? बटव्याला वारा लागला पाहिजे. गुंडाळून बंद केलेल्या पिशवीत तो नुसता ओला गोळा होतो.

म्हणून वाटणी अशी झाली. बटवा मागे बसणारीच्या खांद्यावरच्या सुती झोळीत, आम्हा दोघांच्या मधल्या सावलीत. त्याच झोळीत जानमाज आणि पंजसुरा, कारण पायटीच्या उंचीवर, चाकाच्या धुळीत त्यांना ठेवायला दोघांचंही मन घेईना. इन्सुलिनचा दुसरा साठा आणि सुया डाव्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध. झोळी हरवली तरी दुसऱ्या दिवशीचं औषध हाताशी असावं. उजव्या पिशवीत हत्यारं, पंक्चरचं सामान, पंप आणि ऊन लागलं तरी बिघडणार नाही ते सगळं. पाण्याची बाटली वेगळी.

मग तराजू काढला. गाडीच्या पुस्तकात किती भार घालायचा ते छापलेलं असतं, आणि त्या आकड्यात चालवणारा, मागे बसणारा, सामान, सगळे येतात. हे फार थोडे लोक वाचतात. आम्हा दोघांचंच वजन १३० किलो. सामानाला बारा किलो ठरवले, सहा डावीकडे, सहा उजवीकडे. भांडण झालं ते इथंच. दोन शालींपैकी एक गेली, जाड चादर गेली, ग्रंथालयातून आणलेला बहमनी इतिहासाचा खंड गेला. नातेवाइकांना द्यायचे काजू मात्र राहिले. ते कुणाच्या वजनात धरायचे यावर आमचं आजही एकमत नाही. मागच्या चाकात पुस्तकात दिल्याप्रमाणे जास्तीची हवा भरली, मागचे शॉकॲब्सॉर्बर एक खाच घट्ट केले, आणि बिस्मिल्लाह केलं.

प्रवासाचं वर्णन इथं करायचं नाही, ते वेगळं लिहावं लागेल. दाभोळहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो, गुहागर, चिपळूण, घाट चढून कराड, पुढे पंढरपूर, सोलापूर, उमरगा, हुमनाबाद. रोज दोनशे किलोमीटरच्या आत. दर तासाला थांबायचं, पट्टे ओढून बघायचे आणि बूट-मोजे काढून तळपाय बघायचे. नवे पट्टे पहिल्या दिवशी ताणतात, दुसऱ्या दिवशी बसतात. उमरग्याच्या पुढे एका चहाच्या टपरीवर एकजण रस्त्याच्या कडेला बसून दुसरीच्या तळपायाला बॅटरी लावून बघतो आहे, हे पाहून टपरीवाल्यानं विचारलं, काटा घुसला का चाची? नाही म्हटल्यावर त्यानं बसायला खुर्ची आणून दिली.

पाय जसे नेले तसे बीदरला पोहोचले. मदरशाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या फरश्यांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. त्यांच्यासमोर आम्ही बराच वेळ काही न बोलता उभे होतो. नंतर बिदरी कामाच्या दुकानात गेलो. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती लावून जमीन काळी करतात. एक सुरई पसंत पडली. वीतभर उंच, पण हातात घेतली तर जड.

दुकानदारानं ती कागदात गुंडाळली. लॉजवर आल्यावर ती डाव्या पिशवीत ठेवली, कारण उजवीकडे हत्यारांशी घासली असती. गाडीला लावून बघितलं तर पिशव्या डावीकडे झुकल्या. मग दोघांनी जमिनीवर बसून सगळं सामान काढलं. काजू वाटून संपले होते. डावीकडचे कपडे उजवीकडे गेले, मधला पुडा तेवढा जागेवर राहिला, पाण्याची भरलेली बाटली उजव्या कप्प्यात गेली, आणि पट्टे पुन्हा ओढले.