यादी निर्धास्त झोपेची

दोन वर्षांपूर्वीच्या प्रवेशाच्या दिवसांत साताऱ्यातल्या आमच्या घरात जेवणाची आणि झोपेची, दोन्ही वेळा मोडल्या होत्या. लेकीला एमएचटी-सीईटीत ९१ पर्सेंटाइल मिळाले होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीसाठी पसंतीक्रमाची यादी मीच भरली: पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद आणि अशीच आणखी पाच नामवंत नावे. फेरीचा निकाल लागला. एकही जागा मिळाली नाही. ती काही बोलली नाही. ताट सरकवून खोलीत गेली. रात्री दोन वाजता तिच्या खोलीत दिवा दिसला, तेव्हा उमगले, की यादी माझ्या हौसेची होती आणि अपयश मात्र तिच्या पदरी पडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वही घेऊन बसलो. ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ गुण नव्हेत. तीन लाख मुले परीक्षेला बसली असे धरले, तर सुमारे २७ हजार मुले आपल्या पुढे असतात. मग मागील वर्षीचे कटऑफ शाखा, प्रवर्ग आणि फेरीनुसार पाहिले व तीन गट केले: थोडी आशेची, गुणांशी जुळणारी आणि बहुधा मिळतीलच अशी महाविद्यालये. क्रम मात्र कटऑफचा नव्हे, मनाच्या पसंतीचा ठेवला. आवडते नाव वर लिहिल्याने खालची संधी जात नाही. पहिल्या क्रमांकाचे नाव तेवढे पुरता विचार करून लिहिले. तेव्हाच्या नियमानुसार तेच मिळाले तर ते स्वीकारावे लागत असे.

यानंतरचा प्रश्न लेकीनेच काढला, "इथे मी चार वर्षे रोज जाऊ शकेन का?" शुल्क, वसतिगृह, खानावळ आणि एसटीचा प्रवास यांचा हिशेब मांडला. रोज चार तास प्रवासात घालवणारे एक चांगले नाव आम्ही खोडले. शेवटी तिने गावाजवळचे एक लहानसे महाविद्यालय लिहिले आणि विचारले, "इथे गेले तर चालेल ना, आई?" मी म्हणाले, "चालेल." त्या रात्री ती पोटभर जेवली.

तिसऱ्या फेरीत तिला मधल्या गटातली जागा मिळाली. आज ती तिथे रमली आहे.

आपल्या घरीही सध्या अशी यादी होत असेल. ती मुलांच्या हाताने होऊ द्या. रात्री जागून नव्हे, दिवसा, जेवण झाल्यावर. ज्या नावाचा उच्चार करताना आपल्याला संकोच वाटेल, ते यादीत ठेवू नका. मुलांना तो संकोच लगेच कळतो. झोप वा भूक बरेच दिवस हरवली, मूल निराशेचे बोलू लागले, तर निकालाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

यादीतील शेवटच्या नावावरही मूल शांत झोपू शकले, की ती यादी खरी झाली असे समजावे.