ताकेदाचा गड

पहिल्या गाडीने ताकेदा स्टेशनावर उतरलो, मान वर करून पाहिले, तर गड दिसेना. नुसते धुके! ३५३ मीटर उंचीच्या त्या डोंगरमाथ्यावर गड आहे, असे नकाशा म्हणत होता. डोळे कबूल करीत नव्हते. जपानच्या ह्योगो प्रांतातले हे लहानसे गाव. शरद ऋतूतल्या पहाटे मारुयामा नदीवरून धुके उठते आणि सारे खोरे भरून टाकते. समोरच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला तेवढा गड ढगांवर तरंगताना दिसतो. आम्ही ढगाच्या पोटात!

वर पोचेपर्यंत ऊन आले. जपानी गड म्हटला की चित्रातला पांढराशुभ्र मनोरा आठवतो. इथे तसले काही नाही. लाकूडकाम केव्हाच गेले. उरले ते दगडी तट, उत्तर-दक्षिण सुमारे ४०० मीटर. ओबडधोबड धोंडे एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही.

गड पंधराव्या शतकात यामाना घराण्याने बांधला, असे सांगतात. १५७७ मध्ये तो हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा याने जिंकला. माझे मन मात्र गुंतले ते शेवटचा गडकरी अकामात्सु हिरोहिदे याच्यात. हिदेयोशीच्या कोरियावरील स्वारीत कांग हांग नावाचा एक कोरियन पंडित कैद होऊन जपानात आला. हिरोहिदेने त्याच्याशी मैत्री जोडली, त्याच्याकडून कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ लिहून घेतले आणि त्याला पैशाची मदत केली. तलवारीच्या त्या दिवसांत पोथ्यांचा हा नाद! पंडित १६०० साली मायदेशी परतला. त्याच वर्षी सेकिगाहाराची लढाई झाली. पाठोपाठ तोत्तोरीच्या वेढ्यात गावाला आग लावल्याचा ठपका हिरोहिदेवर आला आणि इएयासुच्या हुकमावरून त्याने पोट चिरून घेतले. गड ओस पडला तो कायमचा.

त्यानंतर तो राखला कोणी? खरे म्हणजे दीर्घकाळ कोणीच नाही. तिकडे फारसे कोणी फिरकले नाही, म्हणूनही तट बरेचसे जागच्या जागी राहिले. १९४३ मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवले. पुढे ढगांतल्या गडाची छायाचित्रे घरोघर पोचली आणि माणसांची रीघ लागली. २०१३ च्या सुमारास वर्षाला पाच लाखांच्या आसपास लोक येऊन गेले! पायांखाली गवत मेले, पावसात माती वाहून गेली, गाडलेली जुनी कौले उघडी पडली. चार शतकांच्या उपेक्षेने जे केले नाही, ते थोड्या वर्षांच्या कौतुकाने आरंभले. मग जाण्यायेण्याची वाट आखली, चटया अंथरल्या, तिकीट लावले, भर हिवाळ्यात गड बंद ठेवू लागले.

ती दोरी पाहून आधी मी चिडलोच. एवढ्या लांबून यायचे आणि तटाच्या कडेला उभेही राहायचे नाही? नकळत एक पाऊल दोरीपलीकडे पडले. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने कमरेत वाकून नमस्कार केला आणि हसत हसत चटईकडे बोट दाखवले. याहून तो ओरडला असता तर बरे!

खाली स्टेशनावर बाकावर बसलो तेव्हा दिसले, उजव्या बुटाच्या तळव्याला गडाची चिमूटभर माती चिकटली होती. गाडी यायला अजून वीस मिनिटे होती. वर जाऊन यायला ती पुरणारी नव्हती.