बरणीतील मासोळी

मासे पाळणे हा समुद्राकाठच्या माणसाचा, श्रीमंताचा किंवा रिकामटेकड्याचा छंद आहे, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. मी या तिघांपैकी कोणीच नाही. मी सेनगावी राहतो, येथील एका शाळेत भूगोल शिकवितो, आणि समुद्र मी मुलांना आजवर नकाशावरच दाखवीत आलो आहे. आमच्या तालुक्यातून कयाधू वाहते खरी; पण उन्हाळ्यात तिचे पात्र ओलांडताना वहाणाही ओल्या होत नाहीत. अशा ठिकाणी काचेच्या पेटीत पन्नास लिटर पाणी कोंडून त्यात मासे खेळवावेत, हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे, हे आमच्या सौभाग्यवतींचे मत मला तत्त्वतः मान्यच होते. परंतु मुलाचा हट्ट आणि तत्त्व यांची गाठ पडली म्हणजे तत्त्वाचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

चिरंजीव नववीत होते. त्यांनी दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे साठवून हिंगोलीच्या एका दुकानातून दोन फुटांची पेटी आणि पाच प्लॅटी मासे आणले. दोन नर, तीन माद्या. नरांपेक्षा माद्या अधिक असाव्यात, नाहीतर नर बिचारीला विसावू देत नाही, ही माहिती त्यांनी मला ज्या गांभीर्याने सांगितली, त्या गांभीर्याने त्यांनी कधी इतिहासाची सनावळी सांगितली असती तर! मासे लहानसेच, दोन इंचांच्या आतबाहेर. रंग शेंदरासारखा, आणि शेपटीच्या मुळाशी एक मोठा व दोन लहान असे तीन काळे ठिपके. या ठिपक्यांत मुलांना मिकी माऊसचे तोंड दिसते. मला त्यात बेलाचे पान दिसले. ज्याचे त्याचे संस्कार!

मादीला काय म्हणावे, हा मात्र प्रश्न पडला. 'माशी' म्हणावे तर ती कानाशी घोंगावू लागते. शेवटी घरात 'मासोळी' हा शब्द रूढ झाला.

या माशांचे माहेर मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर, वेराक्रूझपासून खाली बेलीझपर्यंतच्या ओढ्यांत व डबक्यांत आहे. तेथून निघालेले हे कुळ आमच्या सेनगावी कसे नांदणार, याची मला धास्ती होती. पण झाले उलटेच. आमच्या विहिरीचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपून आलेले, चांगले दुष्फेन. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. ज्या पाण्याला आमच्या सौभाग्यवती वीस वर्षे नावे ठेवीत आल्या, तेच पाणी प्लॅटीला मानवते. क्षारयुक्त पाण्यात त्याची प्रकृती ठणठणीत राहते. आमच्या पाण्याचे कौतुक करणारा पाहुणा घरात प्रथमच आला होता.

महिन्याभराने एका सकाळी पाणवनस्पतीच्या आड नखाएवढे काहीतरी हलताना दिसले. ही जात अंडी घालीत नाही. गर्भ पोटातच वाढतात, आणि सुमारे चार आठवड्यांनी वीस-पंचवीस, कधी त्याहून अधिक पिले पोहतच बाहेर येतात. येथवर सारे कौतुकाचे. पण त्याच क्षणी प्रसूत झालेली माता वळली आणि तिने एक पिलू गट्ट केले. आमच्या सौभाग्यवती तेव्हा चहाचा पेला घेऊन मागे उभ्या होत्या. "अगंबाई, स्वतःचीच पोरं खातेय ही!" असे म्हणून त्यांनी पेला तसाच खाली ठेविला, आणि चहाच्या गाळण्याने सात पिले उचलून लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत सोडली. पेटीला कट्टर विरोध करणारी बाई त्या दिवसापासून मासोळीची सुईण झाली. मादीचे पोट चौकोनी दिसू लागले की तिला त्या बरणीत हलवायचे, प्रसूती होताच परत पेटीत सोडायचे, पिलांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून चिमूटभर द्यायचा, हा सारा कारभार त्यांचा. आमच्या नदीला प्रल्हादाच्या आईचे नाव आहे. गर्भातल्या पोराला नारदाचा उपदेश ऐकविणारी ती कयाधू कोठे, आणि ही माता कोठे, असे मी एकदा म्हटले. "तिला कळत असतं तर तिनं खाल्ली असती का?" एवढेच उत्तर मिळाले.

पुढे दहावी झाली आणि चिरंजीव लातूरला शिकावयास गेले. पेटी मागे राहिली. दर रविवारी फोन येई. त्यात प्रथम माशांची चौकशी, मग आईची, आणि उरलेल्या वेळात माझी.

मला खरा अवघड गेला तो पुढचा उन्हाळा. पेटीतील चौथा हिस्सा पाणी दर आठवड्यास बदलावे लागते, म्हणजे एक मोठी बादली. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, विहीर तळाला गेलेली, आणि दारावरून घागरी घेऊन बायका जात आहेत. अशा वेळी ही बादली ओतताना मला दरवाजा लोटून घ्यावासा वाटे. मी समर्थनासाठी कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा आधार शोधला. बाराव्या शतकातील त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, हे मी घरात ऐटीने सांगितले. ते प्रकरण मासे गळाला लावण्याविषयी आहे, हे मात्र नंतर कबूल करावे लागले. अखेर तोड सौभाग्यवतींनीच काढली. पेटीतून काढलेले पाणी तुळशीला व मोगऱ्याला घालावयाचे, म्हणजे त्या झाडांच्या वाटणीचे पाणी पेटीला गेले असा हिशेब. त्या वर्षी मोगरा असा फुलला की विचारू नका.

आणि त्याच वैशाखात माझ्या हातून ते घडले. गल्लीत टँकर आला, मी बादली भरली, आणि शाळेच्या घाईत ती तशीच पेटीत ओतली. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर होती, आणि ती असणे माणसांसाठी योग्यच होते. पण क्लोरीनने माशांचे कल्ले जळतात. पाणी एक दिवस उघड्यावर ठेविले तर तो वायू उडून जातो, किंवा सोडियम थायोसल्फेटचे चार थेंब पुरतात. हे सारे मला ठाऊक होते. चिरंजीवांनी जाताना ते कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला चिकटविलेही होते. दुपारी परत आलो तो पेटीत एकोणीस मासे आडवे तरंगत होते. मी ते एकट्याने बाहेर काढले आणि मोगऱ्याच्या मुळाशी पुरले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

वाचली ती एकच मासोळी. तिचे दिवस भरले म्हणून आदल्या रात्री सौभाग्यवतींनी तिला रांजणातील शिळ्या पाण्याच्या बरणीत ठेविले होते. तिसऱ्या दिवशी तिला बावीस पिले झाली. घरात आता नर नव्हता. पिलांना वयात येण्यास अजून तीन-चार महिने तरी होते, आणि मेलेले पुन्हा येत नाहीत. पण पाच आठवड्यांनी तिने, त्या एकटीने, पुन्हा नऊ पिलांना जन्म दिला! मी आश्चर्याने पुस्तके चाळली, तेव्हा उलगडा झाला. नराचे बीज ही मादी आपल्या अंडाशयाच्या घड्यांत कित्येक महिने जतन करून ठेवू शकते, आणि एका समागमावर तिची अनेक बाळंतपणे होतात. मी हे मोठ्या भक्तिभावाने घरात वाचून दाखविले. "आमच्या लोणच्याला वर्षभर टिकतं, त्यात एवढं नवल काय?" असे म्हणून मंडळी पोळ्या लाटीत राहिल्या.

त्या नऊंपैकी दोन पिले काळपट निघाली. दुकानातील प्लॅटी बहुधा शुद्ध कुळाचा नसतो. त्यात तलवारीसारख्या शेपटीच्या स्वोर्डटेल या भाऊबंदाचे रक्त मिसळलेले असते. या दोन जातींच्या काही संकरित संततीच्या अंगावरचा काळा डाग वाढत जाऊन त्याची कर्करोगाची गाठ बनते, हे 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेत मायरन गॉर्डन यांनी आणि जर्मनीत कोसविग व हॉयस्लर यांनी दाखवून दिले. एवढ्याशा माशावरून आनुवंशिकतेच्या शास्त्रज्ञांनी रोगाचा माग काढावा, ही गोष्ट वाचून मला अभिमान वाटला. पण त्याबरोबर त्या दोन काळपट पोरांकडे मी रोज जरा काळजीने पाहू लागलो. अद्याप ती खुशाल आहेत.

चिरंजीवांना मी काही सांगितले नव्हते. रविवारी "मासे कसे आहेत?" असे विचारले की "ठीक" म्हणून मी फोन त्यांच्या आईकडे देई. नऊ पिले झाल्यावर मात्र धीर आला, आणि मी सारे कबूल केले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आवाज आला, "बाबा, आईनं त्याच दिवशी सांगितलं होतं मला." सहा रविवार तो मला तोच प्रश्न विचारीत होता, आणि मी तेच उत्तर देत होतो.

आता एकतीस पिलांचे काय करावे, ही नवी विवंचना आहे. शेजारच्या एका गृहस्थांनी ती विहिरीत सोडण्याचा सल्ला दिला. गप्पी मासे सोडतात, मग हे का नको, असे त्यांचे म्हणणे. पण परमुलखातला जीव आपल्या पाण्यात सोडला तर आपल्या मासोळ्यांचे काय होईल, याची हमी कोण देणार? मी नकार दिला. सहा पिले गल्लीतल्या दोन घरी गेली आहेत, झाकणावरच्या कागदाच्या नकलेसह. उरलेल्यांसाठी पेटी पुन्हा भरीत आहोत. काल टँकर आला होता. मी बादली उचलणार, तोच आतून आवाज आला, "अहो, ती रात्रभर उघडी राहू द्या. उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही."