पिंजऱ्यातला जॉनी, घरातला जॉनी

जॉनी जस्टिस हा काळ्यापांढऱ्या रंगाचा पिट बुल सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरात राहायचा, आणि वाचताना अडखळणारी मुले त्याच्या शेजारी बसून त्याला गोष्टी वाचून दाखवायची. शब्द चुकला तरी तो हसत नसे की दुरुस्त करत नसे. वाचनाच्या अशा उपक्रमांना कुत्रे बोलावतात ते एवढ्याचसाठी. २०१४ साली अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ या १८६६ पासूनच्या प्राणिसंस्थेने त्याला त्या वर्षीचा मानाचा कुत्रा म्हणून गौरवले. खेळण्यांच्या एका कंपनीने त्याचे कापडी रूपही बाजारात आणले. हे वाचून कुणीही म्हणेल, मुळातच गुणी असणार बिचारा. पण त्याआधी सातच वर्षे, २००७ साली, तो ज्या कळपातून आला तो सगळा कळप मारून टाकावा, असे मत प्राण्यांसाठीच काम करणाऱ्या बड्या संस्थांनी दिले होते. मधल्या सात वर्षांत कुत्रा बदलला, की त्याच्याविषयीची माहिती? थोडेफार दोन्ही झाले असेल, पण माझ्या मते जास्त बदलली ती माहिती; आणि ती मिळाली घरात, पिंजऱ्यात ती मिळणे शक्यच नव्हते. निवारागृहातला कुत्रा कायमचा कुणाला देण्याआधी काही आठवडे एखाद्या घरी ठेवायचा, तिथे त्याला वळण लावायचे, याला आपल्याकडेही आता सरसकट ‘फॉस्टर करणे’ म्हणतात. जागा अपुरी म्हणून केलेली तात्पुरती सोय, अशीच त्याकडे बघण्याची रीत आहे. कुत्रा ओळखायचा तर त्याइतकी भरवशाची दुसरी पद्धत नाही, असे माझे म्हणणे आहे.

जॉनीचा कळप म्हणजे मायकेल व्हिक या अमेरिकन फुटबॉलपटूचे कुत्रे. व्हर्जिनिया राज्यातल्या सरी काउंटीत त्याची मालमत्ता होती. एप्रिल २००७ मध्ये तिथे छापा पडला तो अमली पदार्थांच्या तपासासाठी, आणि सापडली ती कुत्र्यांच्या झुंजी लावण्याची अख्खी यंत्रणा. झाडीत जमिनीत गाडलेल्या मोटारीच्या आसांना साखळदंडांनी बांधलेले कुत्रे. जे झुंजीच्या कामाचे नाहीत त्यांना ठार करण्याची रीत. जप्त केलेले कुत्रे खटल्याचा पुरावा म्हणून कित्येक महिने सरकारी निवाऱ्यांच्या पिंजऱ्यांत पडून राहिले. तोवरचा शिरस्ता असा, की खटला संपला की झुंजीच्या कुत्र्यांना सुई. या वेळी मात्र सरकारी वकिलांच्या सांगण्यावरून ‘एएसपीसीए’च्या तज्ज्ञांनी सप्टेंबरात एकेक कुत्रा तपासला. एकूण ४९. त्यांतल्या एकाच कुत्र्याला स्वभावाच्या कारणाने मारावे, अशी शिफारस झाली. देशातले सर्वांत हिंस्र कुत्रे म्हणून ज्यांचा गाजावाजा झाला होता, त्यांतले कितीतरी नुसते भेदरलेले होते. माणूस जवळ आला की जमिनीला चपट चिकटून पडून राहायचे. शेवटी ४७ कुत्रे निरनिराळ्या संस्थांकडे गेले. २२ युटा राज्यातल्या कनाब इथल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’च्या आश्रयस्थानात, १० कॅलिफोर्नियातल्या ‘बॅड रॅप’कडे. जॉनी या दहांतला.

इथे कुणी मला अडवेल, आणि बरोबर अडवेल: मग परीक्षेनेच वाचवले ना त्यांना? वाचवले खरे. पण त्या परीक्षेने सांगितले ते एवढेच, की हा कुत्रा मारण्याजोगा नाही. तो कुणाच्या घरी, कसल्या माणसांत, कोणत्या सवयींसह सुखाने राहील, हे तिला सांगता येत नव्हते, आणि दत्तक देताना नेमके तेच सांगावे लागते. साखळीवर वाढलेल्या कुत्र्याला जिना म्हणजे काय ते ठाऊक नसते. काचेचे दार, दूरचित्रवाणी, गुळगुळीत फरशी, स्वयंपाकघरात पडलेल्या भांड्याचा आवाज, सगळेच पहिल्यांदा. म्हणून अशा कुत्र्याची तालीम ‘बस’, ‘ऊठ’पासून सुरू होत नाही, वेळापत्रकापासून होते. जेवण ठरल्या वेळी, फिरणे ठरल्या वेळी, झोपायची जागा ठरलेली. पुढे काय होणार हे कळू लागले की भीती उतरते, आणि भीती उतरली की शिकणे सुरू होते. मग खाऊ हातात धरून नावाला प्रतिसाद, पट्टा न ओढता चालणे, दारावरची घंटा वाजली तरी जागेवर थांबणे, आधी दोन मिनिटे आणि पुढे तासभर एकटे राहणे. अमेरिकन केनेल क्लबची १९८९ पासून चालत आलेली सुजाण श्वानाची दहा कलमी परीक्षा बघा: अनोळखी माणसाने जवळ येणे, अंगावरून हात फिरवू देणे, गर्दीतून चालणे, दुसरा कुत्रा दिसला तरी शांत राहणे, मालक तीन मिनिटे नजरेआड गेला तरी न घाबरणे. यांत कसरतीचे एकही कलम नाही, सगळा रोजचा संसार आहे. आणि संसार पिंजऱ्यात कसा शिकवणार? मुलांची जॉनीला भीती नाही, उलट ओढ आहे, हेही माणसांत राहू लागल्यावरच उमगले. पिंजऱ्याला त्यासाठी मुले कुठून आणायची?

पिंजऱ्यातल्या परीक्षांविषयी अभ्यासकांनाच शंका आहे. खाताना कुत्रा कुणाला जवळ येऊ देतो का, हे पाहायला काठीला लावलेला रबरी हात त्याच्या ताटलीत घालतात; त्याने तो चावला तर कागदावर शेरा पडतो, आणि अनेक ठिकाणी त्या शेऱ्यावर जगणेमरणे ठरत आले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निवाऱ्यात असे वागलेल्या कुत्र्यांपैकी दत्तक घरी गेल्यावर साधारण निम्मेच तसे वागले. आणि निवाऱ्यात निर्दोष ठरलेल्यांपैकी काही घरी जाऊन गुरगुरले. पेट्रोनेक आणि ब्रॅडली यांनी २०१६ साली अशा सगळ्या चाचण्यांचा हिशेब मांडला आणि नाणेफेकीपेक्षा त्या फारशा बऱ्या नाहीत, असा निष्कर्ष काढला. कारण सरळ आहे. खरोखर धोकादायक कुत्रे संख्येने थोडे, तेव्हा बऱ्यापैकी चाचणीतही दोषी ठरणाऱ्यांत निर्दोषांचाच भरणा होतो. त्यात पिंजऱ्यातला ताण. दवाखान्याबाहेरच्या रांगेत तीन तास ताटकळलेल्या माणसावरून त्याचा स्वभाव ठरवावा, तसला हा प्रकार. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच अमेरिकी निवाऱ्यांतले २०७ कुत्रे एकदोन रात्रींसाठी घरी नेऊन पाहिले. घरी असताना त्यांच्या लघवीतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, उतरले आणि सलग झोप वाढली. याच संशोधकांच्या २०२३ मधल्या अभ्यासात, थोडा वेळ बाहेर हिंडवून आणलेल्या कुत्र्यांना घर मिळण्याची शक्यता पाचपट, तर रात्री घरी राहून आलेल्यांची चौदापटींच्या आसपास निघाली. हा शेवटचा आकडा मी जरा हात राखूनच घेतो. घरी न्यायला माणसे मुळात गोंडस कुत्रा निवडत असणारच. पण त्यातून निम्मे वजा केले तरी उरते ते थोडे नाही.

आता पैशाचा आक्षेप. व्हिकला या कुत्र्यांसाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरावे लागले. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या निवाऱ्याला असा दंड भरणारा कोण भेटणार? प्रश्न रास्त आहे, पण त्या हिशेबाची फोड पाहिली तर तो उलटतो. घरांत जाण्याजोग्या प्रत्येक कुत्र्यामागे ५ हजार डॉलर ठरले, तर आश्रयस्थानात राहणाऱ्यामागे १८ हजारांवर. महाग पडतो तो पिंजरा, जन्मभराचा. दुसरा आक्षेप हळव्या मनाचा: चार दिवस घराची सवय लावायची आणि परत कोंडायचे, हा छळ नाही का? २०१९ च्या अभ्यासात परतल्यावर कॉर्टिसोल पूर्वीइतके झाले, पूर्वीपेक्षा वाढले नाही. म्हणजे विसावा मिळाला, वर नवी जखम झाली नाही. सांभाळणाऱ्याचा जीव गुंततो आणि कुत्रा त्याच्याकडेच राहतो, अशीही तक्रार असते. जॉनीचे तसेच झाले. फॉस्टर घर हेच त्याचे घर ठरले. याला तक्रार का म्हणायचे, मला कळत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप लुकसचा आहे. लुकस व्हिकचा अजिंक्य झुंजार कुत्रा. त्याला कधीही घरी देऊ नये, असे न्यायालयाने बजावले, आणि माणसांशी अत्यंत लाघवी असलेला हा कुत्रा २०१३ मध्ये मरेपर्यंत कनाबलाच राहिला. काही कुत्र्यांबाबत अशी खबरदारी लागतेच, मी ती नाकारत नाही. पण त्याच न्यायालयाने कनाबच्या इतर कुत्र्यांसाठी काय अट घातली ते पाहण्यासारखे आहे: आधी ती दहा कलमी परीक्षा, मग सहा महिने फॉस्टर म्हणून त्याच घरी वास्तव्य, आणि मगच कायमचे दत्तक. झुंजीच्या कुत्र्यांबाबत जिथे धोका सर्वाधिक मानला गेला, तिथेच कायद्याने अंतिम निवाडा घराच्या हाती दिला. याउलट, फेब्रुवारी २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्क्स काउंटीत झुंजीच्या प्रकरणातले शंभराहून अधिक कुत्रे, त्यांत पिल्लेही, एकेकाला न तपासता मारले गेले. एवढा गहजब झाला की ज्या ह्यूमेन सोसायटी या बड्या प्राणिसंस्थेने व्हिकचे कुत्रे मारण्याच्या बाजूने मत दिले होते, तिनेच त्या वर्षी धोरण बदलून प्रत्येक कुत्रा वेगळा तपासावा, असे ठरवले.

आपल्याकडे पिट बुलच्या झुंजींपेक्षा रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याचा प्रश्न मोठा, आणि तो आता याच वळणावर आला आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथले तिथे सोडायला सांगितले. अपवाद रेबीजचे, रेबीजचा संशय असलेले आणि आक्रमक. इच्छुकांना महापालिकेकडे अर्ज करून दत्तक घेण्याची वाटही दिली. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतले कुत्रे उचलून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे निवारे भरणार, आणि आक्रमक कोण हे कुणीतरी ठरवणार. कुणी? गाडीत कोंबून आणलेल्या कुत्र्याकडे पाहून पहिल्या दिवशी? ज्याच्या मुलाला कुत्रा चावला आहे त्या बापाचा राग मला पूर्ण मान्य आहे. रेबीजचा संशय असेल तिथे फॉस्टरचा विषयच निघत नाही. चावलेला कुत्रा दहा दिवस वेगळा ठेवून पाहायचा, हा नियम पाळायचाच. आणि आयुष्य रस्त्यावर काढलेल्या पाच वर्षांच्या कुत्र्याला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणणे हा उपकारच असतो असेही नाही. त्याला ते मानवत नाही, हेसुद्धा पंधरा दिवस घरी ठेवल्यावरच नीट कळते. पिल्लांचे मात्र निराळे. तीन ते साधारण चौदा आठवडे हे माणसांची, आवाजांची, इतर प्राण्यांची ओळख पक्की होण्याचे वय. ते पिंजऱ्यात गेले तर पुढे घाबरट आणि म्हणून चावरा कुत्रा आपण स्वतःच तयार करतो.

तेव्हा महापालिकांनी आणि संस्थांनी फॉस्टर घरांच्या याद्या करताना पिल्ले आधी घ्यावीत, औषधपाणी आणि खाण्याचा खर्च निवाऱ्याने उचलावा, आणि न जमल्यास कुत्रा परत करणाऱ्याला दोष देऊ नये. दत्तक जाणाऱ्या कुत्र्यासोबत आज लसीचे कार्ड जाते. त्याला फॉस्टर घराचे दोन पानी टिपण जोडावे: रात्री रडतो का, घंटा वाजली की काय करतो, शेजारच्या मुलांशी कसा वागला, ताटलीजवळ गेल्यावर गुरगुरला का, एकटा किती वेळ राहिला, मांजर दिसल्यावर काय झाले. आक्रमकतेचा शेरा मारायचाच असेल, तर तो या टिपणाशेजारी, मारणाऱ्याच्या सहीनिशी मारावा.